आजीची खरी जन्मतारीख



माझ्या आजीच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६० आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की १ जून लिहीत. म्हणून आपल्या गावात पुष्कळ आजी-आजोबांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! पण आजी म्हणते, "माझी आई सांगायची, महाराष्ट्र राज्य झालं त्या साली पाडव्याला तू झालीस. सोमवार होता."

त्या पाडव्याला तारीख कोणती? मी गुरुजींना विचारले.

पाडवा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. कारण चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात आणि इंग्रजी वर्ष असते ३६५ दिवसांचे. म्हणून पंचांगात अधूनमधून अधिक महिना घालतात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून २०२७ चा पाडवा परत ७ एप्रिलला जातो. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो. त्यामुळे ईद कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येते.

हे सगळे गणित जाणकारांनी संगणकासाठी लिहून ठेवले आहे. त्याला लायब्ररी म्हणतात. मला वाटलं पुस्तकांची! पण तिच्यात तयार गणितं असतात. कुणीही ती आपल्या प्रोग्रामात वापरावीत.

त्यातली युक्ती सोपी आहे. हजेरीपटावर आपला नंबर असतो, तसा प्रत्येक दिवसाला एक नंबर. ही मोजणी इसवी सनापूर्वी ४७१३ पासून धरतात. आधी सूर्य-चंद्राच्या गणिताने तिथीचा नंबर काढायचा, मग त्या नंबराची इंग्रजी तारीख. शके असो, हिजरी असो, सगळ्यांना नंबर एकच.

गुरुजींनी संगणकावर शके १८८२ चा पाडवा घातला. नंबर आला २४,३७,०२२. तारीख आली २८ मार्च १९६०. गुरुजी म्हणाले, "नंबराला ७ ने भाग. बाकी ० उरली तर सोमवार, १ उरली तर मंगळवार." मी फळ्यावर भागाकार केला. भागाकार ३,४८,१४६ आणि बाकी ०. सोमवार! पणजीचं बोलणं खरं निघालं.

घरी पळत जाऊन आजीला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "म्हंजे मी दोन महिन्यांनी म्हातारी झाले की रे!" मग पदराने डोळे पुसले.

दाखल्यावर १ जूनच आहे. पण येत्या पाडव्याला गुढी उभारली की आम्ही आजीला ओवाळणार आहोत. तुमच्याही आजीला तिथी विचारा.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी