पायांची तक्रार आणि बीपीचा आकडा

पळायला लागलं की बीपी वाढतं, याचं कुणाला नवल वाटत नाही. खरं तर वाटायला हवं. पायांचे मोठे स्नायू कामाला लागले की त्यांच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात. एरवी एकूण रक्तप्रवाहाचा जेमतेम पाचवा हिस्सा घेणारे स्नायू दमछाक करणाऱ्या व्यायामात ऐंशी टक्क्यांवर हक्क सांगतात. एकाच टाकीवरचे इतके नळ एकदम उघडले तर दाब पडणारच. इथे मात्र वरचा आकडा १२० वरून १८०-२०० पर्यंत चढतो आणि खालचा जवळपास होता तिथेच राहतो.

हृदय मिनिटाला पाच लिटरऐवजी वीस-पंचवीस लिटर रक्त ढकलू लागतं, हे खरं. पण ढकल म्हणून त्याला सांगतं कोण? आणि आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळून तिकडचं रक्त पायांकडे वळवतं कोण?

या प्रश्नाच्या एका भागाचं उत्तर १९३७ साली कैरोत मिळालं. आलम आणि स्मर्क या दोन संशोधकांची युक्ती अगदी साधी होती. बीपी मोजताना दंडाला बांधतात तसे फुगवायचे पट्टे त्यांनी मांड्यांना बांधले. पट्टे घट्ट फुगवून पायांचा रक्तप्रवाह तोडला आणि पोटऱ्यांना व्यायाम करायला लावला. दाब चढला. मग व्यायाम थांबवला, पट्टे मात्र तसेच ठेवले. माणूस स्वस्थ आहे, पाय हलत नाहीत. तरी दाब उतरेना. पट्ट्यांतली हवा सोडली, तेव्हा कुठे तो खाली आला.

या प्रयोगातली खुबी पट्ट्यात आहे. कामामुळे स्नायूंत साचलेली रसायनं पट्ट्याच्या खालीच अडकली होती. रक्तातून हृदयापर्यंत किंवा मेंदूपर्यंत जायला त्यांना वाटच नव्हती. म्हणजे वर्दी गेली ती मज्जातंतूंमधून. पुढच्याच वर्षी या दोघांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. इजेमुळे त्याच्या एका बाजूची ही वर्दी मधल्या मध्ये तुटली होती. त्या पायाच्या व्यायामाने दाब तसा चढेना. दुसऱ्या पायाच्या व्यायामाने चढे. तंतूच दोषी आहेत, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

आज हेच तंत्र पायाऐवजी मुठीवर वापरतात. हातातली पकड दोन मिनिटं आवळून धरायची, सोडायच्या आधी दंडाचा पट्टा फुगवायचा. नाडी लगेच पूर्वपदावर येते, दाब मात्र वरच राहतो. १९८०च्या दशकात गुडघ्याजवळच्या मज्जातंतूत बारीक सुई घालून त्यातले संदेश टिपले गेले, तेव्हा हाताची मूठ आवळल्यावर पायाच्या रक्तवाहिन्यांकडे जाणारे ‘आवळा’ हे हुकूम वाढताना दिसले. तेही लगोलग नाही, साधारण मिनिटभराने. स्नायू आधी सोसतो, मग कुरकुर करतो.

पण तक्रार पोचायला वेळ लागतो, आणि नाडी तर व्यायामाच्या पहिल्याच ठोक्यांत वाढते. कोपनहेगनच्या क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ सालीच हे हेरलं होतं. मेंदू स्नायूला ‘चल’ म्हणतो, त्याच क्षणी हृदयालाही कळवून ठेवतो, असा त्यांचा तर्क होता. १९७२ साली गुडविन, मॅक्लोस्की आणि मिचेल यांनी तो मोठ्या हुशारीने तपासला. दंडातल्या स्नायूच्या स्नायुबंधावर कंपनयंत्र धरलं की प्रतिक्षिप्त क्रियेने स्नायूला आयती मदत मिळते. जोर तेवढाच, पण मेंदूला हुकूम कमी द्यावा लागतो. अशा वेळी दाब कमी चढला. दंडामागच्या विरोधी स्नायूवर यंत्र धरून काम अवघड केलं, तेव्हा जास्त चढला. म्हणजे हिशेब नुसत्या जोराचा नाही, मेंदूला वाटणाऱ्या कष्टाचाही आहे.

मग मानेतल्या पहारेकऱ्यांचं काय? मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती हृदयाला आवरतात. व्यायामात ती बंद पडत असावीत, असं बराच काळ मानलं जाई. मानेभोवती बंद पट्टा लावून हवेचा दाब कमी-जास्त करण्याच्या प्रयोगांनी हा समज खोडून काढला. पहारा चालूच असतो; फक्त ‘इतका दाब ठीक’ ही रेषा वर सरकवली जाते.

व्यायामाचा प्रकार बदलला की चित्र फार बदलतं. चालणं, पोहणं, सायकल यांत मोठे स्नायू तालात आखडतात-सैलावतात आणि रक्त खेळतं राहतं. जड वजन उचलताना आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या चेपतो, तक्रारी वाढतात, त्यात माणूस श्वास कोंडतो आणि छातीतला दाबही भर घालतो. कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली पाच कसलेल्या व्यायामपटूंच्या धमनीत थेट नळी घालून दाब मोजला. दोन्ही पायांनी वजन रेटताना सरासरी ३२०/२५० भरली. एकाचा आकडा ४८०/३५० च्या वर गेला. सगळे धडधाकट होते आणि दाब काही क्षणांत उतरला. पण हे आकडे जिममध्ये श्वास रोखून बार उचलणाऱ्या मध्यमवयीन माणसाने एकदा तरी वाचावेत.

म्हणून बीपीचा त्रास असलेल्यांनी व्यायाम सोडायचा नाही, पद्धत बदलायची. नियमित व्यायामाने एरवीचा दाब उतरतो, हे भरपूर अभ्यासांनी दाखवलं आहे. मात्र वजन उचलताना श्वास सोडत उचलावं, ‘अजून एकदा’च्या हट्टाला पेटून कोंडून धरू नये, आणि किती वजन चालेल ते आधी डॉक्टरांना विचारावं. जिने चढून आल्या आल्या घरच्या यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळून घाबरण्यातही अर्थ नाही. व्यायामानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसा आणि मग बीपी मोजा.