कंडक्टर, पास आणि संगणकातलं टोकन

रत्नागिरीहून निघालेली एसटी हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागते. पालीत रस्ता फुटतो. एक फाटा लांजा-राजापूरकडे जातो, दुसरा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. इथे चढलेल्या विद्यार्थ्याचा पास कंडक्टर हातात घेतो, शिक्का बघतो, मुदत बघतो आणि परत देतो. पैसे खरंच भरलेत का, हे विचारायला तो आगारात फोन लावत नाही. शिक्का खरा, तर पास खरा.

आज कितीतरी वेबसाइटींचं दार याच रीतीने राखलं जातं.

१ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन सुरू झाला. मुंबईतला चाकरमानी पालीतल्या जमिनीचा उतारा आता १५ रुपयांत घरबसल्या काढतो. मोबाईलवर आलेला ओटीपी तो एकदाच टाकतो. मग गाव निवडणं, गट क्रमांक, पैसे भरणं, डाउनलोड असं एकेक पान उघडत जातं. खरं तर वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालतं, त्यांना मागचं काही आठवत नाही. प्रत्येक क्लिक म्हणजे सर्व्हरच्या दारात नवा माणूस. म्हणूनच ओळख एकदा पटली की सर्व्हर ब्राउझरकडे एक खूण देऊन ठेवतो, आणि ती पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर जाते. नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये यासाठी कुकी आणली. तिच्यात बहुधा नुसता एक क्रमांक असे आणि तो कोणाचा, हे सर्व्हरला आपल्या नोंदींत शोधावं लागे.

टोकन नावाच्या खुणेत मात्र नोंद आणि शिक्का एकत्रच असतात. मे २०१५ मध्ये प्रमाण ठरलेलं ‘जेसन वेब टोकन’ म्हणजे टिंबांनी जोडलेले अक्षरांचे तीन तुकडे. पहिल्यात स्वाक्षरीची पद्धत, दुसऱ्यात माणसाची ओळख आणि मुदत, तिसऱ्यात स्वाक्षरी. एक अक्षर जरी खोडसाळपणे बदललं, तरी स्वाक्षरी जुळत नाही. मात्र मधला तुकडा सहसा गुप्त नसतो, पोस्टकार्डासारखा कोणीही वाचू शकतो. त्यात आधार क्रमांक घालणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आणि कंडक्टर? तो म्हणजे मिडलवेअर, विनंती आणि मूळ काम यांच्यामध्ये उभा असलेला छोटा प्रोग्राम. टोकन नसेल किंवा मुदत संपली असेल, तर तो ४०१ हा आकडा दाखवून परत पाठवतो. ओळख पटली पण त्या कामाची परवानगी नसेल, तर ४०३. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. घाईत एखादं नवं पान तपासणीच्या ओळीच्या आधी जोडलं गेलं, तर ते सताड उघडं राहतं.

दुसरा धोका चोरीचा. अशा पासावर फोटो नसतो. ज्याच्या हाती टोकन, त्याला प्रवेश. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या ‘व्ह्यू अ‍ॅज’ सोयीतल्या दोषांतून सुमारे ३ कोटी खात्यांची टोकनं चोरीला गेली. पासवर्डला हातही न लावता चोर आत शिरू शकत होते. कंपनीने खबरदारी म्हणून ९ कोटी खात्यांची टोकनं रद्द केली. म्हणूनच बँकांची टोकनं काही मिनिटांतच संपतात. पुन्हा लॉगिन करताना चिडचिड होते, पण ती मुदत आपल्याच राखणीसाठी आहे.

तेव्हा सेतू केंद्रात किंवा ओळखीच्या दुकानातल्या संगणकावर सातबारा काढलात, तर खुर्चीवरून उठण्याआधी ‘लॉगआउट’ दाबा. नुसती खिडकी बंद केली, तर तुमचा पास तिथेच राहू शकतो.