लोककथा आणि कार्यकारणभाव

वाराणसी म्हटले की मराठी माणसाला काशीचे घाट आठवतात. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाचा अमृतराव घाट हा त्यांपैकीच एक. परंतु या नगरीचे नाव कथांच्या जगात त्याहून कितीतरी जुने आहे. पाली भाषेतील ५४७ जातककथांपैकी पुष्कळ कथांचा आरंभ, वाराणसीत राजा ब्रह्मदत्त राज्य करीत होता, या उल्लेखाने होतो.

एवढ्याने कथेचे स्थळ आणि काळ ठरतात. पुढे पात्रे येतात, त्यांच्यावर प्रसंग ओढवतो आणि अखेर त्याचा उलगडा होतो. कथेची ही अंगे व्याख्या पाठ न करताही मुलांना कळतात. मात्र त्यांना एकत्र बांधणारा कार्यकारणाचा धागा बहुधा दाखवून द्यावा लागतो.

लहान मूल ऐकलेली गोष्ट सांगताना प्रसंगामागून प्रसंग ‘मग’ या शब्दाने जोडीत जाते. ‘मग’ने क्रम कळतो, कारण कळते ते ‘म्हणून’ने. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत पाऊस येतो आणि कावळ्याचे घर वाहून जाते. पण तोच पाऊस चिमणीच्या घरावरही पडला होता. ते का टिकले? हा प्रश्न विचारताच शेण आणि मेण यांतील भेद मुलांच्या ध्यानी येतो. पाऊस हे एकटेच कारण नव्हते, हे त्यांना आपोआप उमगते.

याहून सूक्ष्म उदाहरण ३२२व्या जातकात आढळते. बेलाच्या झाडाखाली पडलेला ससा, पृथ्वी कोसळली तर आपले काय होईल, या विचारात असतो. त्याच क्षणी एक पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर आदळते. आवाज ऐकताच ससा पळत सुटतो. त्याच्यामागून इतर ससे, हरणे, डुकरे, रेडे, वाघ, हत्ती असे सारे रान धावू लागते. पुढे समुद्र असतो. एक सिंह त्यांना अडवून विचारतो, पृथ्वी कोसळताना कोणी पाहिली? हत्ती सिंहांकडे बोट दाखवतात, सिंह वाघांकडे, आणि असे मागे मागे जात प्रश्न त्या एका सशापाशी येऊन थांबतो. सिंह त्याला घेऊन मूळ जागी जातो आणि तेथे पडलेले बेलफळ पाहतो.

ही कथा शिकवताना मुलांना सिंहाप्रमाणे उलट्या वाटेने न्यावे. हत्ती का धावला? वाघ का धावला? मग एकेक दुवा काढून पाहावा. फळ पडले नसते तर? फळ पडले असते, पण सशाच्या मनात आधीपासून भीती नसती तर? पळण्याचे कारण केवळ फळात नव्हते, सशाच्या मनातही होते, हे येथे स्पष्ट होते. तात्पर्य आधीच सांगून टाकल्यास हा शोध मुलांच्या हातून निसटतो.

अशी सवय लागलेले मूल अमृतराव घाटावर गेले, तर पायऱ्या एवढ्या उंचापर्यंत का बांधल्या, असे विचारील. आणि पावसाळ्यात गंगेचे पाणी किती चढते, हे समजल्यावर त्याला उत्तर मिळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादी अफवा कानी येताच ते सर्वांबरोबर धावत सुटणार नाही. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले, असे ते प्रथम विचारील.