रॅमच्या विजोड पट्ट्या
(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाचा विषय निघाला की आम्ही कला शाखेची मुले हळूच बाजूला सरकतो. ते काम शास्त्र शाखेचे, अशी आपली समजूत! पण शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, इतिहासाचा प्रकल्प, हे सारे आता संगणकावरच करावे लागते. आणि बारामती-इंदापूर भागात माझ्यासारख्यांच्या घरी संगणक असलाच तर तो बहुधा कुणीतरी वापरून विकलेला असतो. अशा संगणकाला पुढेमागे एक दुखणे जडते. तो संथ होतो. मग कुणी सांगते, 'रॅम वाढव.' आपण कुठून तरी दुसरी पट्टी आणून बसवतो, आणि रडतखडत चालणारा संगणक साफ बंद पडतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे काही बिघडले की सगळे माझ्याकडे पाहतात. 'तू कॉलेजात जातोस ना? मग बघ की!' राज्यशास्त्र आणि मराठी शिकणाऱ्या मुलाने त्यात काय बघावे, हे आमच्या आजीला कोण सांगणार? असो. पण बघता बघता जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण या एका दुखण्यापायी चांगले संगणक भंगारात जातात.

आधी रॅम म्हणजे काय ते पाहू. वर्षाची ज्वारी कणगीत असते, पण भाकरी थापायच्या वेळी लागेल तेवढेच पीठ आई काठवटीत घेते. कणगी म्हणजे हार्ड डिस्क आणि काठवट म्हणजे रॅम. काठवट लहान असेल तर घडोघडी उठावे लागते. संगणक संथ होतो तो असा.

ही काठवट मोठी विलक्षण आहे. रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक शून्य किंवा एक हा आकडा अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. हा कपॅसिटर झिरपत्या माठासारखा असतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा थांबतो, म्हणून सेव्ह न केलेला निबंध कायमचा जातो. हे भरणे, वाचणे, पुसणे ठरलेल्या वेळातच व्हावे लागते, आणि प्रत्येक पट्टीचे हे वेळापत्रक थोडे निराळे असते. दोन पट्ट्यांचे भांडण होते ते इथे.

मात्र एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. दोन पट्ट्या वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा वेगवेगळ्या वेगाच्या असल्या म्हणजे त्या चालणारच नाहीत, असे मुळीच नाही. उसाच्या गाडीला एक बैल चपळ आणि एक मंद जुंपला तरी गाडी चालते. फक्त मंद बैलाच्या चालीने. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तिच्यात पट्टीची क्षमता, वेग, वेळापत्रक नोंदलेले असते. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील बायोस या नोंदी वाचतो आणि दोघींना झेपेल अशी चाल ठरवतो. म्हणून १३३३ आणि १६०० वेगाच्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर दोन्ही सहसा १३३३ ने चालतात. २ जीबीजवळ ४ जीबीची पट्टीही बहुधा सुखाने नांदते.

मग बिनसते कुठे? पहिली गोष्ट पिढीची. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ या निरनिराळ्या पिढ्या. त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावून बसवू पाहणारे महाभाग आहेत, त्यांच्यापुढे हात टेकले. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२; तेव्हा खाच वेगळी आहे ती आपल्या भल्यासाठीच.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या जुन्या पट्ट्यांत सर्व्हरच्या पट्ट्या मिसळलेल्या असतात. त्या खाचेत व्यवस्थित बसतात, पण घरगुती संगणक त्यांवर सुरू होत नाही. ओळखायचे कसे? लेबल वाचावे. 'पीसी३-१२८००यू' असे लिहिलेले असेल तर शेवटचा 'यू' घरगुती संगणकाची खूण. तिथे 'आर' असेल तर ती सर्व्हरची. १२८०० हा आकडा म्हणजे १६०० गुणिले ८, म्हणजेच १६०० वेगाची पट्टी. दुकानात उभ्या उभ्या एवढा हिशेब करता आला तरी पुष्कळ.

तिसरे कारण आम्हाला एका शेजाऱ्याच्या संगणकावर भेटले. इंटेलच्या जी४१ या २००८ सालच्या चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर डीडीआर३ ची २ जीबीची एक पट्टी. मुलाने पुण्याहून ४ जीबीची आणखी एक आणली. बसवताच पडदा काळा आणि नुसते 'बीप बीप'. एका दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले, मदरबोर्ड गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण हाच सारा उपाय आहे. वायर भिंतीतून काढली, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज घालवली, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरच्या स्थिर विजेनेही चिप मरू शकते. पट्ट्यांचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसले, खाचेतील धूळ ब्रशने काढली. पुष्कळदा दुखणे एवढ्यावरच बरे होते. इथे झाले नाही. मग जुनी पट्टी एकटी लावली: संगणक सुरू. तीच दुसऱ्या खाचेत लावली: सुरू. म्हणजे मदरबोर्ड आणि दोन्ही खाचा निर्दोष. नवी एकटी लावली: बीप. आता नवी खराब म्हणावी, तर मामाच्या नव्या संगणकात ती उत्तम चालली! वधूही चांगली, वरही चांगला, पत्रिका तेवढी जुळत नव्हती.

कारण असे, की जी४१ ला ४ जीबीची पट्टी हवी तर दोन्ही अंगांना मिळून सोळा चिप असलेली हवी. नव्या पट्टीत तीच ४ जीबी एका अंगाच्या आठ चिपांत भरलेली होती. एवढी दाट चिप त्या जुन्या मदरबोर्डला वाचता येत नाही. सोळा चिपवाली पट्टी बदलून आणली आणि काम झाले. गेला म्हटलेला मदरबोर्ड अजून चालतो आहे.

काळा पडदा एकवेळ परवडला, निदान तो उघड सांगतो. खरी धास्ती संगणक चालू राहून आतल्या आत चुकतो तेव्हाची. पट्टीतले चार-दोन कपॅसिटर बिघडलेले असतील, किंवा जोडी न झेपणाऱ्या चालीने पळत असेल, तर मधूनच निळा पडदा येतो, फाईल उघडत नाही, आणि चुकीचे झालेले अक्षर तसेच हार्ड डिस्कवर लिहिले जाते. वर्षभराचा प्रकल्प असा नासू शकतो. म्हणून नवी पट्टी बसवल्यावर तपासणी करावीच. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' आयतेच असते. त्याहून कडक हवी तर 'मेमटेस्ट८६ प्लस' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावा. एक जरी चूक दिसली तरी पुन्हा एकेक पट्टी स्वतंत्र तपासावी. प्रत्येक एकटी निर्दोष आणि जोडीने सदोष असेल तर बायोसमध्ये वेग एक पायरी उतरवून पाहावा.

२०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे मालाचा ओघ वळला. अशा वेळी जुन्या पट्ट्यांची जोडाजोड वाढणारच. खरेदीला जाताना जुनी पट्टी किंवा तिच्या लेबलाचा फोटो बरोबर न्यावा आणि बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आणि एक. ४ जीबीजवळ ४ जीबी बसवली, बायोस ८ दाखवतो, पण विंडोजमध्ये सव्वातीन-साडेतीनच वापरात दिसतात, अशी तक्रार आमच्या वर्गातल्या दोघांनी केली. ती पट्टीची चूक नाही. विंडोज ३२ बिटची असली की ती ४ जीबीच्या पलीकडे पाहूच शकत नाही. ६४ बिटची घातली की उरलेली दिसू लागते. पट्टी परत करायला बारामतीहून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत एसटीने शंभर किलोमीटर जाण्याआधी एवढे पाहून घ्यावे.