कर्ण हवाच!

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने कलाशाखेच्या मुलांनाही परक्या शाखेचा विषय घेण्याची वाट मोकळी करून दिली. आमच्या मराठीच्या वर्गातल्या एका मुलीने धीर करून ‘अभियांत्रिकीची तोंडओळख’ घेतली. “गुण जातील!” घरच्यांनी बजावले.

पहिलेच काम आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करण्याचे. तिने चौकोनामागून चौकोन जोडले. वर वीट ठेवताच पूल तिरका होऊन बसला!

“कर्ण घाला,” शिक्षक म्हणाले. हिला महाभारतातलाच कर्ण ठाऊक! पण तिरपी काडी बसताच प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. आणि बाजू शाबूत असता त्रिकोणाचा आकार बदलतच नाही. पुलाने वीट पेलली.

गुण बेताचेच पडले. परवा मात्र स्वतःचाच निबंध वाचताना ती थबकली. “सर, मुद्दे आहेत, पण डळमळताहेत. कर्ण राहिला!”

इतकी वर्षे निबंध शिकवतो. हे मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आले नव्हते.