आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम पाहताना

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या वस्तीत अजून शिवीसारखाच उच्चारला जातो. ‘म्हाताऱ्याला आश्रमात टाकले’ असे म्हणतात. ‘ठेवले’ असेही कोणी म्हणत नाही. सिगालोवाद सुत्तात मुलांच्या पाच कर्तव्यांत आई-वडिलांचे पोषण येते, हे आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. परंतु नवरा-बायको दोघेही नोकरीला, दहा बाय बाराची खोली आणि दिवसभर एकटा बसलेला पंचाहत्तरीचा बाप, अशा घरात पोषण म्हणजे दोन वेळचे ताट झाकून ठेवणे एवढेच उरते. तेव्हा आश्रमाचा विचार करणे हा अपराध नव्हे. अपराध होतो तो त्यांना न विचारता परस्पर ठरविण्यात.

प्रथम त्यांना सोबत नेऊन दोन-तीन ठिकाणे दाखवावीत. जावे ते जेवणाच्या वेळी. कार्यालयापेक्षा संडास-न्हाणीघर पाहावे. धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी आहे का, रात्री दिवा असतो का. तेथील एखाद्या आजीशी व्यवस्थापक जवळ नसताना बोलावे. पुष्कळ कळते.

आश्रम विनामूल्य असतात, तसे सशुल्कही असतात. राज्य शासनाने 1995 साली स्वयंसेवी संस्थांमार्फत मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान एक आश्रम असावा, अशी तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात करावी. 14567 या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाईनवरही माहिती मिळते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. अनेक आश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यालाच घेतात. उद्या पडून मांडीचे हाड मोडले, विस्मरण वाढले, अंथरुणातच सर्व करावे लागले, तर ठेवणार की परत पाठविणार? अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणारी ठिकाणे वेगळी असतात व त्यांचा खर्चही जास्त असतो. उत्तर लेखी घ्यावे.

आणखी एक गोष्ट, जी आपणांसच विचारावी लागते. प्रवेश अर्जात जात कशासाठी विचारतात? खोलीत बाबासाहेबांची व बुद्धाची तसबीर लावता येईल ना? रोजच्या आरतीला बसणे सक्तीचे आहे काय? 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला त्यांना बाहेर जाता येईल ना? ज्या माणसाने आयुष्यभर ताठ मानेने ‘जयभीम’ घातला, त्याला शेवटच्या दिवसांत ते तोंडातल्या तोंडात म्हणावे लागू नये. जेवण शाकाहारीच असेल तर तेही आधी सांगावे. सुक्या बोंबलाची सवय सत्तराव्या वर्षी सुटत नाही!

आता पैशाचे. मी बँकेच्या काउंटरवर बसतो, म्हणून थोडे सविस्तर. आश्रम जी मोठी रक्कम मागतो ती ठेव की देणगी, हे पावतीवर स्पष्ट असावे. ठेव परत मिळते, देणगी नाही. मृत्यूनंतर किंवा महिन्याभरात परत आल्यास किती कापणार, हेही विचारावे. पेन्शनचे खाते त्यांच्याच नावे राहू द्यावे. हवे तर जवळच्या शाखेत बदलून घ्यावे व नामनिर्देशन पाहून घ्यावे. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर डिजिटल स्वरूपातही देता येतो.

राहती खोली मात्र ‘आता तुम्ही जाणारच’ म्हणून घाईने नावावर करून घेऊ नये. वृद्धांनीही ती देताना सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट लिहिलेली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येते.

शक्य असल्यास पहिला एक महिना केवळ राहून पाहण्यासाठी ठरवावा, आणि तोवर घरातली त्यांची खाट हलवू नये.