स्वयंचलित तक्ते आणि अनाहूत शॉर्टकट : कारणे व निवारण

बोलींच्या पाहणीत जमविलेली शब्दसामग्री आज बहुधा स्प्रेडशीटच्या तक्त्यांत साठविली जाते. प्रत्येक गावाची एक स्वतंत्र फाइल करावी आणि रात्री ठरलेल्या वेळी संगणकाने त्या सर्व फाइली आपोआप उघडून शब्दांची वारंवारता मोजावी, अशी व्यवस्था करणे आता अवघड राहिलेले नाही. विंडोज प्रणालीतील टास्क शेड्यूलर काम सुरू करतो आणि एक्सेलमधील मॅक्रो ते तडीस नेतो. परंतु ही व्यवस्था काही दिवस चालल्यावर एक अनपेक्षित गोष्ट नजरेस येते. कोणीही न मागितलेल्या शॉर्टकट फाइली कोठे तरी साचू लागतात. त्या पुसून टाकल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असतात. त्या कोठून येतात, त्यांपासून कोणता अपाय संभवतो आणि त्यांचे निवारण कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रथम शॉर्टकट म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. १९९५ च्या विंडोजपासून रूढ झालेली ही एक लहानशी फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘.एलएनके’ हा प्रत्यय असतो. मात्र फाइलींचे प्रत्यय दाखविण्याची सोय सुरू केली तरी विंडोज हा प्रत्यय दाखवीत नाही. त्यामुळे शॉर्टकट आणि मूळ फाइल यांची नावे पडद्यावर अगदी सारखी दिसू शकतात. चित्रावरील छोटा बाण एवढीच काय ती खूण. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर शॉर्टकट हे एक प्रकारचे दर्शक सर्वनाम होय. तो वस्तू नव्हे, वस्तूकडे दाखविलेले बोट आहे. परंतु एक महत्त्वाचा भेद येथे ध्यानात ठेवावयास हवा. ‘तो’ किंवा ‘हे’ या सर्वनामांत निर्दिष्ट वस्तूचे वर्णन फारसे नसते. शॉर्टकटमध्ये मात्र मूळ फाइलीचे नाव, तिचा पूर्ण मार्ग, तिचा आकार व तारखा आणि पुष्कळदा संगणकाचे नावही नोंदलेले असते. मूळ फाइल नष्ट झाली तरी ही नोंद तशीच राहते.

हे शॉर्टकट निर्माण होण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. अलीकडे उघडलेली फाइल माणसाला चटकन पुन्हा सापडावी म्हणून विंडोज वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरातील ‘रिसेंट’ या उपफोल्डरात शॉर्टकट ठेवते. ऑफिस संचाचेही ‘रिसेंट’ नावाचेच, पण निराळे फोल्डर असते. हे पहिले कारण. दुसरे कारण खुद्द आज्ञावलीत असते. पूर्वी कोणी तरी सोयीसाठी शॉर्टकट तयार करण्याची ओळ मॅक्रोत घातलेली असते आणि मॅक्रोची नक्कल होत गेली तशी ती ओळही पुढे चालत येते. तिसरे कारण गंभीर आहे. पेनड्राइव्हमधून पसरणारे काही विघातक प्रोग्रॅम खऱ्या फाइली लपवितात आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट मांडतात. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने तर शॉर्टकटचे चित्र नुसते पडद्यावर दाखविण्याच्या क्रियेतील दोषाचा फायदा घेतला होता. पहिले कारण निरुपद्रवी, दुसरे निष्काळजीपणाचे, तर तिसरे आक्रमणाचे. बाह्य लक्षण मात्र तिहींचे एकच. म्हणून फाइली पुसण्यापूर्वी निदान करणे अगत्याचे ठरते.

निरुपद्रवी शॉर्टकटांचाही संशोधनास दोन प्रकारे उपसर्ग पोहोचू शकतो. एक म्हणजे मोजणीतील चूक. ‘*.एक्सएलएस*’ अशा सैल नमुन्याने फाइली शोधणारी आज्ञावली, नावात मध्येच ‘.एक्सएलएसएक्स’ असलेला शॉर्टकटही तक्ताच समजते. एखादे गाव दोनदा मोजले जाणे किंवा काम अर्ध्यावर थांबणे हा त्याचा परिणाम होऊ शकतो. दुसरा उपसर्ग अधिक नाजूक आहे. बोली सांगणाऱ्या माणसाला त्याचे नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले असते. त्या वचनानुसार मूळ तक्ता संगणकावरून काढूनही टाकलेला असतो. परंतु फाइलीच्या नावातच गाव आणि निवेदकाचे नाव असेल, तर सामाईक संगणकावरील शॉर्टकटमध्ये ते तसेच वाचावयास मिळते. दिलेला शब्द येथे नकळत मोडला जातो.

निदानाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. शॉर्टकट कोणत्या फोल्डरात आहे ते आधी पाहावे. तो ‘रिसेंट’मध्ये असल्यास पहिले कारण बहुधा निश्चित होते, तो तक्त्यांच्या फोल्डरात किंवा डेस्कटॉपवर असल्यास आज्ञावलीचा संशय घ्यावा, पेनड्राइव्हवर असून मूळ फाइली दिसेनाशा झाल्या असल्यास काम तत्काळ थांबवून विषाणूची तपासणी करावी. अशा वेळी केवळ शॉर्टकट पुसल्याने मूळ फाइली परत दिसत नाहीत, कारण त्यांना ‘लपविलेली’ हा गुण लावलेला असतो. यानंतर शॉर्टकट निर्माण झाल्याची वेळ टास्क शेड्यूलरच्या नोंदीशी ताडून पाहावी. हे काम दुसऱ्याच खात्याने चालत असेल, तर शॉर्टकट त्या खात्याच्या फोल्डरात पडतात. स्वतःच्या खात्यात शोधणाऱ्यास ते सापडत नाहीत. इतके करूनही संशय उरल्यास मायक्रोसॉफ्टचे प्रोसेस मॉनिटर हे साधन वापरावे. ‘.एलएनके’ने संपणाऱ्या नावांपुरती त्याची चाळणी लावली म्हणजे फाइल लिहिणारा प्रोग्रॅम कोणता, हे नावानिशी कळते.

निवारणही कारणानुरूप भिन्न असते. दोष आज्ञावलीत असेल तर ती ओळ काढून टाकावी. कारण ‘रिसेंट’चे असेल तर अलीकडच्या दस्तऐवजांचा इतिहास न ठेवण्याचे धोरण विंडोजमध्ये लागू करता येते, परंतु त्यामुळे त्या खात्यावर काम करणाऱ्या माणसाचीही सोय जाते. म्हणून रात्रीच्या कामासाठी वेगळे खाते ठेवून हे धोरण त्याच खात्यापुरते लावणे इष्ट होय. येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. एक्सेलमध्ये दिसणारी अलीकडच्या फाइलींची यादी आणि ‘रिसेंट’मधील शॉर्टकट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. यादी शून्यावर आणली म्हणून शॉर्टकटही थांबतील, असे गृहीत धरू नये.

याहून मूलगामी उपाय म्हणजे एक्सेलला या कामातून वगळणे. माणूस समोर नसताना ऑफिसचे प्रोग्रॅम स्वयंचलित रीतीने चालविण्याची शिफारस खुद्द मायक्रोसॉफ्टही करीत नाही. २००७ पासूनच्या एक्सेल फाइली या वस्तुतः संकुचित केलेल्या एक्सएमएल फाइलींचा गठ्ठा असतात. पायथन भाषेतील ओपनपायएक्सएल हे ग्रंथालय त्या थेट वाचते. त्यात एक्सेल उघडतच नाही. साहजिकच त्याच्या शॉर्टकटांचाही प्रश्न उद्भवत नाही. मात्र तेथेही नावांची चाळणी काटेकोर असावी. कोणी तक्ता उघडून ठेवला असेल तर एक्सेल त्याच फोल्डरात ‘~$’ने आरंभ होणारी एक लपलेली फाइल ठेवते. तिच्या शेवटी ‘.एक्सएलएसएक्स’ असल्याने ती अगदी नेमक्या प्रत्ययाच्या चाळणीतूनही निसटते.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा की, ‘रिसेंट’मधील शॉर्टकट हे यंत्राचे प्रमाद नव्हेत. माणसाच्या स्मरणासाठी केलेली सोय माणूस नसलेल्या ठिकाणी चालू राहिली, एवढेच त्यांचे मूळ आहे. त्यांना केवळ पुसत राहणे हा उपाय नव्हे. नोंद कोण करतो ते शोधून ती तेथेच थांबविली पाहिजे. आणि फाइलींना नावे देतानाच निवेदकाच्या नावाऐवजी क्रमांक वापरण्याची शिस्त पाळली, तर चुकून एखादा शॉर्टकट मागे राहिला तरी त्या माणसाला दिलेल्या शब्दास बाध येणार नाही.